सुरमई, बांगडा आणि काकी

काकींनी पहिला घोडा घेतला तेव्हा त्याचे दात मोजले नाहीत. खालचा ओठ ओढून हिरडी अंगठ्याने दाबली, पापणी वर करून डोळ्यात बराच वेळ पाहिलं आणि शेवटी नाकपुडीशी नाक नेऊन वास घेतला. किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणारा तो घोडेवाला बघतच राहिला.

"मावशी, घोडी आहे ही," तो म्हणाला, "पापलेट नाही."

"डोळा सगळ्यांचा सारखाच," काकी म्हणाल्या. "ताजा हाय की शिळा, तेवढंच बघायचं असतं."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. घरमालकीण रविवारी सकाळी दार वाजवून "चल गो बाय, एक जनावर बघायचंय" म्हणाली तर भाडेकरू निघतेच. मला वाटलं होतं, शेळी असेल.

मी मूळची लातूरकडची. रत्नागिरीच्या कोर्टात स्टेनो म्हणून नेमणूक झाली आणि शहराबाहेर कातळावर काकींच्या घरामागची खोली मिळाली. पुढे हापूसची दहाबारा कलमं, मागे चिऱ्याच्या दगडांचा कुंपणवजा गडगा, आणि मध्ये काकी. वय त्रेसष्ट. बांधा आडवा, चाल सरळ. बाराव्या वर्षापासून डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान जशी असते तशी मान. मिरकरवाड्याच्या बंदरावर चाळीसेक वर्षं त्यांनी मासळीचा धंदा केला होता. लिलावात त्या उभ्या राहिल्या की पुरुष आवाज खाली आणत, असं मला बंदरावरच्याच एकाने सांगितलं. मग एका पावसाळ्यात सगळा कारभार मुलाच्या हाती देऊन त्या इथे कातळावर राहायला आल्या. भाजी पिकवतील, देवदेव करतील, असा लोकांचा अंदाज होता. त्यांनी घोडी आणली.

घोडी करड्या, रुपेरी रंगाची. आधीचं नाव काहीतरी सिनेमातलं होतं. काकींनी ते घरी पोचेपर्यंत टाकून दिलं आणि तिला सुरमई म्हणू लागल्या. आठ दिवसांनी तोच घोडेवाला दारात हजर. सोबत एक बुटका, तपकिरी घोडा. सुरमई गेल्यापासून त्याने चारा तोंडाला लावला नव्हता, दिवसभर मान वर करून खिंकाळत होता. "हा पण घ्या मावशी, माझ्याच्याने बघवत नाही," घोडेवाला म्हणाला. काकींनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि दोर हातात घेतला. "हा बांगडा," त्या म्हणाल्या. "एकटा राहात नाय. थव्यानं जाणारी जात."

कोकणात घोडा म्हणजे एक तर लग्नातला, नाही तर किनाऱ्यावरचा. घरी पाळलेला घोडा बघायला पहिले काही महिने माणसं रिक्षा करून येत. काकी त्यांना चहा पाजत, पण घोड्यावर कुणालाही बसू देत नसत. स्वतःही बसत नसत.

"मग पाळलेत कशाला?" एका वकीलसाहेबांनी विचारलं. माझ्याच कोर्टातले, त्यामुळे मला ओशाळल्यासारखं झालं.

"तुमच्या घरी म्हैस होती काय?"

"होती ना. आजोबांच्या वेळेला."

"तिच्यावर बसत होतात?"

वकीलसाहेबांनी चहा संपवला.

रोज सकाळी नारळाच्या सोलून काढलेल्या सोडणाने त्या दोन्ही घोड्यांचं अंग घासून काढत. घासताना बोलत. बंदरावरच्या भाषेत, वरच्या पट्टीत, मधूनमधून शिव्या पेरत. सुरुवातीला मला वाटायचं, भांडण चाललंय. नंतर कळलं, ती काकींची लाडाची पट्टी होती. माणसांशी त्या एवढ्या प्रेमाने बोललेल्या मी फारशा ऐकल्या नाहीत.

त्यांचा एकुलता मुलगा तेव्हा चाळिशीचा. बायकोमुलांसह मिरकरवाड्यातच राहायचा, दोन ट्रॉलर आणि सगळा धंदा सांभाळायचा. आठवड्यातून एकदा मोटरसायकलवरून मासे घेऊन यायचा. मासे ओट्यावर ठेवायचा, घोड्यांकडे पाठ करून उभा राहायचा. "आये, लोक हसतात," एवढंच म्हणायचा. "हसू देत की," काकी म्हणायच्या, "तू बस जरा." तो बसायचा नाही. फोन वाजायचा, तो जायचा. मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत काकी दारातच उभ्या असत. मग आत जाऊन मासे साफ करायला घेत.

घोडे का घेतले, याचं खरं उत्तर त्यांनी मला एकदाच दिलं, तेही मी विचारलं नसताना. आम्ही दोघी गवताचे भारे लावत होतो. त्या म्हणाल्या, "बाय, चाळीस वर्षं मी बर्फ वितळायच्या आत घरी आल्ये. वेळणेश्वरला नवस फेडायला गेल्ये तरी डोळे घड्याळावर. बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या नि मी निघाल्ये. मासा थांबत नाय. आता मला असलं काय तरी पायजे होतं जे वितळत नाय, नि मला घेऊन हळू जाईल." आणि दोरी दाताने तोडून त्यांनी पुढचा भारा बांधायला घेतला.

हळू जाण्याची त्यांची पद्धत म्हणजे मुक्काम. दिवाळी झाली, भातं कापून झाली, की दोन्ही घोड्यांवर सामान लादायचं आणि पायी निघायचं, थेट देवरूखच्या पलीकडे, डोंगरातून येणाऱ्या नदीच्या काठी. जायला दोन दिवस, राहायला चार. हायवे त्या एका ठिकाणी ओलांडत, बाकी सगळी वाट गावागावांतून, पाणंदीतून, कातळावरून. तंबू नाही, गॅस नाही, बॅटरी नाही. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, एक टोप, एक कोयता, घोड्यांचा दाणा आणि अंथरायला गोणपाट. फोन त्या घेतच नसत. कोर्टाला दिवाळीची सुट्टी असते आणि मला घरी लातूरला जायचा त्या वर्षी कंटाळा आला होता. घरी स्थळांच्या याद्या तयार होत्या. काकींनी ओळखलं असावं. "ये माझ्यासंगं," म्हणाल्या. "तिकडे तुला कोण बघायला येणार नाय."

मला घोड्याची भीती वाटायची. हे मी त्यांना सांगितलं. "मग बांगडा तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्याला पण सगळ्याची भीती वाटते. तुमचं जमेल."

वाटेत मला त्यांचे नियम समजत गेले. चढावर घोड्याच्या पुढे चालायचं, उतारावर बाजूने. गावात शिरताना आपण आधी बोलायचं, म्हणजे कुत्री घोड्यावर येत नाहीत. कुणी "कुठे चाललात?" विचारलं तर खरं सांगायचं, कारण खरं कुणालाच खरं वाटत नाही. नदीवर पोचल्यावर लगेच सामान उतरवायचं नाही. काकी काठाशी उभ्या राहून पाण्याकडे बघत राहिल्या. माझे पाय तुटायला आले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एक काठी पाण्याच्या अगदी कडेला रोवली आणि म्हणाल्या, "आता उतरव."

"काय बघत होतात?"

"कुणाच्या घरात शिरायच्या आधी घरातलं माणूस कसं हाय ते बघून घेतो ना आपण?"

मुक्काम मात्र त्यांनी काठाशी मांडला नाही. तिथे छान मऊ वाळू होती, माझं मन तिच्यावर बसलं होतं. त्यांनी घोडे मोकळे सोडले. सुरमई चढून वर गेली, एका जुन्या आंब्याखाली पाय दुमडून बसली आणि लोळली. "तिकडे अंथर," काकी म्हणाल्या. "घोडा लोळतो तिथं ना ओल, ना मुंग्या." आम्ही वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचो, घोडे खालच्या अंगाला प्यायचे, अंघोळ त्याच्याही खाली. तीन दगडांवर भात, निखाऱ्यात सुकी मासळी. बांगडा रोज वास घ्यायला यायचा आणि शिंकून जायचा. दोन दिवसांत मला त्याच्या मानेवर हात ठेवता यायला लागला. माझ्या आयुष्यात तोवर कुणीही माझ्यावर इतक्या सावकाश विश्वास ठेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नदीवर एक कुटुंब आलं. देवरूखातला एक दुकानदार, त्याची बायको, दोन मुली आणि त्याची म्हातारी आई. गाडी वर रस्त्याला लावून ते घोटाभर पाण्यातून चालत नदीच्या मधल्या सपाट कातळावर गेले. तिथे चूल मांडली, कोंबडी शिजायला टाकली. म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली. मुलींना घोडे बघून आनंद झाला, त्या आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. छान दिसत होतं सगळं.

काकी मात्र आपल्या काठीपाशी उभ्या होत्या. काठी सकाळी कडेला होती, आता तिच्याभोवती चार बोटं पाणी होतं. डोक्यावर आकाश स्वच्छ, ऊन चटका देत होतं. पण दूर सह्याद्रीच्या माथ्यावर शाईसारखं काळं दाटलं होतं.

"पानं बघ," काकी म्हणाल्या.

पाण्यावरून सागाची पानं येत होती. त्यात काय बघायचं ते मला कळेना.

"हिरवी हायत. सुकून गळलेली नायत, तोडलेली हायत. वर कुठेतरी पाणी झाडं ओरबाडतंय."

मागे बांगडा चरायचा थांबला होता. दोन्ही घोड्यांचे कान नदीच्या वरच्या अंगाला वळले होते.

काकी काठावरून ओरडल्या, "ओ दादा! वर या! पाणी येतंय!"

दुकानदार हसला. "मावशी, आकाश बघा की! एक ढग नाही."

"डोकीवरचं नको बघू, घाटाकडे बघ!"

"जन्म गेला माझा या नदीवर," तो म्हणाला. "दिवाळीनंतर हिला पाणी येत नाही. जेवायला या तुम्ही, तयार होतंय."

काकींनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पदर खोचला. कमरेचं फडकं काढून त्याची गोल चुंबळ वळली, ती डोक्यावर ठेवली आणि पाण्यातून सरळ त्या कातळावर गेल्या. कुणाशी एक शब्द न बोलता त्यांनी हाताला पदर गुंडाळला, चुलीवरचा कोंबडीचा टोप उचलला, डोक्यावर ठेवला आणि मागे वळून चालू लागल्या.

क्षणभर कुणालाच काही उमजलं नाही. मग एकच गलका झाला. मुली हसत त्यांच्या मागे धावल्या. बायको "अहो बाई! अहो, काय हे!" म्हणत मुलींच्या मागे. दुकानदार भडकला. "वेड लागलंय का? ओ! टोप ठेवा खाली!" असं ओरडत, पाणी उडवत तोही मागोमाग. काकी काठावर थांबल्या नाहीत. उकळत्या रश्शाचा टोप डोक्यावर, हात सोडलेले, तशाच त्या चढ चढून थेट आंब्याखाली आल्या आणि तिथे त्यांनी टोप उतरवला. दुकानदार धापा टाकत त्यांच्यासमोर उभा राहिला. तो पुढे काय बोलणार होता ते कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात आवाज आला.

जड ट्रक पुलावरून जावा तसा आवाज होता, पण तिथे पूल नव्हता. वळणावरून नदी तांबडी होऊन आली. भिंत वगैरे नव्हती ती. नदी फक्त बघता बघता रुंद आणि जाड होत गेली. आमच्या काठीचं टोक दिसेनासं झालं.

"आई!" दुकानदार किंचाळला.

म्हातारी कातळावरच होती. गुडघे धरलेले, टोपामागे कोण धावणार? ती दोन्ही हातांनी कातळ धरून बसली होती आणि पाणी तिच्या कमरेपाशी चढत होतं. दुकानदार काठापर्यंत गेला आणि तिथेच थिजला. त्याला पोहता येत नव्हतं. जन्म गेला होता नदीवर, पण पोहता येत नव्हतं.

काकी सुरमईला घेऊन उतरू लागल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बांगड्याला खाली आण. त्या वाकड्या झाडापाशी उभा कर. सुरमई त्याच्याकडे बघून परत येईल. तो हलला तर ती भलतीकडे जाईल. सोडू नकोस."

"काकी, तो मला ऐकणार नाही..."

"मग तू त्याचं ऐक. पण सोडू नकोस."

एवढं बोलून त्या सुरमईची आयाळ मुठीत धरून पाण्यात उतरल्यासुद्धा. त्या सरळ गेल्या नाहीत. आधी काठाने बऱ्याच वर चालत गेल्या, मग तिरक्या उतरल्या, म्हणजे पाण्यानेच त्यांना कातळावर नेऊन सोडलं. मी बांगड्याला झाडापाशी आणला. सुरमई पाण्यात शिरलेली बघून त्याने मान झटकली, मागच्या पायांवर उभा राहिला, आणि दोर माझ्या तळहातातून सरकला तेव्हा कातडीही त्याबरोबर गेली. मी झाडाला पाय रोवला. भीती वाटत होती का, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. वाटत होती. पण दोर सोडण्याची भीती जास्त वाटत होती. मी बांगड्याशी बोलायला लागले, काकींच्या पट्टीत, मला येत होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या देत. तो थरथरत होता, पण उभा राहिला. आणि खिंकाळत राहिला.

कातळावर काकींनी म्हातारीला भाताच्या पोत्यासारखं सुरमईच्या पाठीवर आडवं टाकलं. पाणी घोडीच्या पोटाला लागलं होतं. सुरमईने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि ती निघाली. मध्ये दोनदा तिचे पाय सुटले. काकी दिसेनाशा झाल्या, मग आयाळीला धरलेली मूठ दिसली, मग डोकं. झाडापासून पन्नासेक पावलं खाली ती घोडी काठाला लागली, तेव्हा दुकानदार, त्याची बायको आणि बांगड्याचा दोर धरूनच खाली धावलेली मी, तिघेही चिखलात गुडघ्यापर्यंत होतो.

म्हातारीला खाली उतरवलं. तिने डोळे उघडले, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला राहिल्या रे माझ्या."

मग दुकानदार रडायला लागला. काकींनी केस पिळले, चढून वर गेल्या, टोपाचं झाकण उघडून बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." आम्ही सगळ्यांनी तिथेच, आंब्याखाली, ती कोंबडी खाल्ली. माझ्या हातांना कापड बांधलेलं होतं, म्हणून मला त्या म्हातारीने घास भरवले.

त्या माणसाने संध्याकाळी कृतज्ञतेपोटी एक घोळ करून ठेवला. माझ्याकडून नंबर घेऊन त्याने काकींच्या मुलाला फोन केला आणि काकी पुरात कशा शिरल्या ते रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मुलगा टेम्पो घेऊन हजर. त्याचे डोळे लाल होते. तो आईशी बोललाच नाही, ड्रायव्हरला म्हणाला, "दोन्ही घोडे चढव. आजच विकायचे."

"विक," काकी म्हणाल्या. "आधी चढव."

बांगडा चढला असता. सुरमई फळीवर एक पाय ठेवायची आणि काढून घ्यायची. दाणा दाखवून झाला, दोर ओढून झाला, मागून ढकलून झालं. तासभर हा खेळ चालला. काकी आंब्याखाली बसून गोणपाटांच्या घड्या घालत होत्या. शेवटी मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आये, तू मेली असतीस तर?"

काकींनी घडी बाजूला ठेवली. "मेल्ये नाय," त्या म्हणाल्या. "तू समुद्रावर जातोस, तेव्हा मी तुझे ट्रॉलर विकत्ये काय?"

त्या उठल्या आणि बांगड्याचा दोर त्याच्या हातात दिला. "हायवेपर्यंत चाल. टेम्पो तिकडे थांबेल. तिथं टेम्पोएवढा उंच बांध हाय रस्त्याला, त्यावरून चढेल ती."

टेम्पो पुढे गेला. माझे हात बांधलेले, म्हणून मला कुणी दोर दिला नाही. मी मागून चालत होते. पहिला तासभर तो फक्त "किती राहिलं?" विचारत होता आणि फोनवर बोलत होता. मग एका पाणंदीत रेंज गेली. मग तो आईला विचारायला लागला, हे झाड कसलं, तो बांध कुणाचा, तू एकटी येतेस तेव्हा जेवतेस काय. ती सांगत होती. एकदा दोघे मोठ्याने हसले, कशाला ते मला ऐकू आलं नाही.

दुपारी एका पऱ्ह्याशी, डोंगरातून उतरणाऱ्या बारीक ओढ्याशी, घोड्यांना पाणी पाजायला थांबलो. मुलाने बूट काढले, पाय पाण्यात सोडले, मागे पाठ टेकली आणि तसाच झोपला. तोंड उघडं, हात पसरलेले. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. काकींनी हलक्या हाताने तो काढला, नाव बघितलं, आणि बंद कसा करायचा ते न कळून घोड्यांच्या दाण्याच्या पिशवीत खोल खुपसून ठेवला.

"हा शाळेत होता तेव्हा मी पहाटे निघायची," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "असा उजेडात झोपलेला कधी बघितलाच नाय मी."

पदराने त्याच्या तोंडावरची माशी वारत त्या तिथेच बसून राहिल्या. हायवेवर टेम्पो वाट बघत होता. आमच्यापैकी कुणीही त्याला उठवलं नाही.